निजामाच्या पगारावरचा इंग्रज कॅप्टन

यादगीर जिल्ह्यातल्या सुरपूरला जो जातो, त्याला टेकडीवरची टेलर मंझिल दाखवतात. कलबुर्गी आणि बिदरकडची मंडळी या गावाला अजून शोरापूर म्हणतात. मंझिल बघून झाली की बहुतेकांच्या तोंडी एकच प्रश्न येतो : हा टेलर इथे आला कसा? राजे बेडर नायक, रयत बहुतांशी कानडी, खंडणी जायची हैदराबादच्या निजामाला. कंपनी सरकारचा मुलूख तर नव्हताच. मग एका इंग्रज कॅप्टनने इथे डोंगरावर घर बांधून बारा वर्षे कारभार केला तो कोणाच्या हुकमाने?

माझ्या मते या प्रश्नाआधी दुसरा विचारावा. त्याला पगार कोण देत होते? वसाहतीच्या काळातल्या कोणत्याही लष्करी अधिकाऱ्याची कारकीर्द समजून घ्यायची, तर आधी त्याच्या पगारपत्रकावरचे नाव पाहावे. फिलिप मेडोज टेलरच्या बाबतीत ते नाव होते निजामाचे.

१. फौज कोणाची, हुकूम कोणाचा

शाळेत आपण ‘तैनाती फौज’ शिकतो. निजामाने १७९८ आणि १८०० साली इंग्रजांशी तह केले. कंपनीच्या पलटणी त्याच्या राज्यात राहू लागल्या आणि त्यांच्या खर्चापोटी टिपूच्या मुलखातून मिळालेले बळ्ळारी, कडप्पा वगैरे जिल्हे त्याने कंपनीला देऊन टाकले. ही झाली पहिली फौज. ती कंपनीची, आणि तिचा हिशेब जमीन देऊन मिटला होता.

टेलर या फौजेत नव्हता. त्याची फौज दुसरी, आणि घोळ आहे तो तिच्यातच. १८०० च्या तहात एक कलम होते : लढाई झाली तर निजामाने आपले सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडदळ मदतीला द्यावे. इंग्रज रेसिडेंट, म्हणजे हैदराबाद दरबारातला कंपनीचा वकील, कुरकुर करू लागला की निजामाच्या शिपायांना शिस्त नाही. १८११ ते १८२० या काळात हेन्री रसेल रेसिडेंट होता. त्याने निजामाच्याच शिपायांच्या नव्या पलटणी उभ्या केल्या, वर गोरे अधिकारी नेमले. लोक तिला रसेल ब्रिगेड म्हणत. पुढे तीच निजामाची कंटिंजंट फौज झाली. तिच्या छावण्या मराठी माणसाच्या पायाखालच्या गावांत होत्या : औरंगाबाद, हिंगोली, एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर, आणि मोमिनाबाद म्हणजे आपली अंबाजोगाई.

समजा, तुमच्या वाड्याला शेजाऱ्याने राखणदार नेमून दिला. त्याचा पगार तुम्ही द्यायचा, पण किती द्यायचा ते शेजारी ठरवणार. राखणदार रजा मागणार शेजाऱ्याकडे आणि रात्री फाटक कोणाला उघडायचे तेही शेजाऱ्याला विचारून. पगार थकला, तर शेजारीच दारात वसुलीला उभा. कंटिंजंटचा व्यवहार नेमका असा होता.

आता यातून कर्ज कसे वाढते ते पाहू. आकडे माझ्या मनचे आहेत, रीत त्या काळची. एका राज्याचा वसूल वर्षाला १०० रुपये. दरबार, कारभार आणि सरदार मिळून खर्च ७०. फौजेचे ४५. म्हणजे दर वर्षी १५ रुपये कमी पडणार. ते सावकाराकडून शेकडा २४ दराने काढले, तर पहिल्या वर्षअखेरीस कर्ज १५, दुसऱ्या वर्षी साडेतेहतीस, तिसऱ्या वर्षी सत्तावन्नच्या घरात, चौथ्या वर्षी पंच्याऐंशी आणि पाचव्या वर्षअखेरीस एकशेवीस. पाच वर्षांत कर्ज राज्याच्या सबंध वर्षाच्या वसुलाच्या पुढे निघून गेले. यात दुष्काळ धरलेला नाही, आणि मराठवाड्यात व बिदर-कलबुर्गीकडे दुष्काळ न धरता केलेला हिशेब कोणी खरा मानणार नाही.

२. दुकानातून छावणीत

टेलरचा जन्म १८०८ चा, लिव्हरपूलचा. बाप व्यापारी, पण धंद्यात खोट आलेली. पंधराव्या वर्षी पोराला मुंबईच्या बॅक्स्टर नावाच्या व्यापाऱ्याकडे पाठवले. पुढे भागीदारी मिळेल असे आश्वासन होते. १८२४ च्या सप्टेंबरात पोरगा मुंबईला उतरला, तर पेढी म्हणून सांगितलेले ते प्रत्यक्षात एक दुकान निघाले आणि तेही बुडीत चाललेले.

त्या काळी कंपनीच्या लष्करात शिरायचे तर लंडनच्या एखाद्या डायरेक्टरची शिफारस लागे. ती टेलरकडे नव्हती. मात्र मुंबई सरकारात वरच्या जागेवर न्यूनहॅम नावाचे एक नातलग होते. त्यांनी हैदराबादच्या रेसिडेंटकडे शब्द टाकला आणि १८२४ सरता सरता हा सोळा वर्षांचा मुलगा निजामाच्या फौजेत अधिकारी म्हणून औरंगाबादला रुजू झाला. परीक्षा नाही, लष्करी शाळा नाही. वशिल्याने चिकटला म्हणा ना.

या वशिल्याची किंमत त्याने आयुष्यभर मोजली. कंपनीच्या लष्करातला अधिकारी आणि निजामाच्या फौजेतला ‘स्थानिक’ अधिकारी यांच्यात मोठी दरी होती. पहिल्याची बढती, पेन्शन आणि मान लंडनपर्यंत चालत. दुसऱ्याचे सगळे हैदराबादच्या वेशीत संपायचे. टेलर पुढे कर्नल म्हणून ओळखला गेला, पुस्तकांनी नाव कमावले, तरी कंपनीच्या लष्करातला तो कधीच नव्हता.

असा माणूस दोन गोष्टी करतो. एक तर रडत बसतो, नाहीतर भाषा शिकतो. टेलरने भाषा शिकल्या. हिंदुस्तानी, फारसी आणि मराठीही. भाषा आली म्हणून दुभाष्याचे काम मिळाले, मग छावणीच्या बाजाराची देखरेख, मग पोलिसाचे काम. तुळजापूरकडचा मुलूख त्याने या पोलिसाच्या कामातच पायाखाली घातला. तलवार गाजवायची वेळ त्याच्यावर फारशी आली नाही.

लग्नही त्याने हैदराबादेतच केले, मेरी पामरशी. तिचे वडील विल्यम पामर हे हैदराबादचे बडे सावकार, आणि निजामाला जबर व्याजाने पैसा पुरवणारी पेढी त्यांचीच. रेसिडेंट मेटकाफने त्या पेढीचे पितळ उघडे पाडले आणि ती बुडाली. आजोबा आपल्या ओळखीचे आहेत. पुण्याला पेशव्यांच्या दरबारात असलेले रेसिडेंट कर्नल पामर ते हेच. नाना फडणवीस गेले तेव्हा मराठी राज्यातले शहाणपण त्यांच्याबरोबर गेले, असा अभिप्राय याच पामरांचा. मेरीची आजी फैजबक्ष बेगम. म्हणजे निजामाच्या पगारावरचा हा कॅप्टन, निजामाला कर्ज देणाऱ्या घराचा जावई झाला. यात टेलरने काही कपट केले असे नाही. हैदराबादेतले गोरे जग एवढेसेच होते, फिरून फिरून त्याच चार घरांत सोयरिकी.

३. ठग आणि लेखणी

ठगांवर थोडक्यात सांगतो, कारण टेलरचे नाव निघाले की लोक तेवढेच बोलतात. पोलिसाच्या कामावर असताना वाटसरू गायब होण्याचा छडा लावायला त्याने सुरुवात केली होती. पण पलटणीवर परत बोलावणे आले आणि ठगांचा बंदोबस्त केल्याचे श्रेय स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला गेले. पुढे माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांच्या जबान्या टेलरनेही घेतल्या आणि विलायतेच्या रजेत त्यांवरून कादंबरी लिहिली. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ १८३९ साली निघाली आणि लंडनमध्ये गाजली. राणी व्हिक्टोरियाने छापखान्यातून पाने निघतील तशी मागवून घेतली होती. ठगीचे जे चित्र विलायतेत रुजले ते या कादंबरीने. ते किती खरे आणि किती फुगवलेले, यावर इतिहासकारांत आजही एकमत नाही. कादंबरीला पुरावा समजू नये, एवढे पथ्य पाळले तरी पुरे.

४. शोरापूर : बारा वर्षांचा राजा-सांभाळ

आता मुख्य गोष्टीकडे. शोरापूरचे बेडर नायक म्हणजे साधी असामी नव्हे. औरंगजेबाने स्वतः वेढा घालून घेतलेला शेवटचा किल्ला वाकिनखेडा, १७०५ सालचा. तो यांचाच. किल्ल्यात मराठ्यांची कुटुंबे होती म्हणून धनाजी जाधव मदतीला धावला होता. किल्ला पडला तो त्यांचा प्रमुख पिड नायक रात्री निसटून गेल्यावर. तेव्हापासून बेडरांचा तोरा कायम होता.

पण खंडणीने आणि नजराण्याने संस्थान पोखरले. नवा राजा गादीवर आला की निजामाची मान्यता लागे आणि मान्यतेला नजराणा लागे. नजराणा थकला की व्याज. वरच्या हिशेबातली रीत इथे एक पायरी खाली उतरली होती : निजाम इंग्रजांच्या फौजेसाठी कर्जात, शोरापूर निजामाच्या नजराण्यासाठी कर्जात, आणि पाटील-रयत शोरापूरच्या वसुलासाठी.

राजा कृष्णप्पा नायक वारले तेव्हा मुलगा वेंकटप्पा सहा-सात वर्षांचा होता. कारभार कोणी पाहायचा? राणी ईश्वरम्मांनी की राजाचे बंधू, पूर्वजाचेच नाव लावणारे पिड नायक, यांनी? दोन्हीकडे माणसे आणि हत्यारे गोळा होऊ लागली. रेसिडेंट जनरल फ्रेझरने १८४१ साली टेलरला पाठवले. तो तेव्हा तेहतीस वर्षांचा होता. भाषा येते, मुलूख माहीत, आणि ‘स्थानिक’ असल्याने स्वस्तात पडतो. अशा कामाला असाच माणूस निवडत.

भांडण त्याने मोठी लढाई न करता मिटवले. मग तो तिथेच राहिला, १८५३ पर्यंत. रोजचे काम काय होते? जुन्या कर्जाचे कागद तपासणे, कोणत्या गावचा वसूल कोणी खाल्ला ते शोधणे, रस्ते, तलाव. बोनाळचा तलाव त्याच्या लिखाणात पुन्हा पुन्हा येतो. पत्नी १८४४ साली वारली. मुली विलायतेत. डोंगरावरच्या घरात एकटा माणूस, आणि लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्रे लिहायचे काम हाताशी.

फावल्या वेळात त्याने आणखी एक उद्योग केला, आणि मला त्याचे हे काम सर्वांत टिकाऊ वाटते. राजनकोळूरच्या माळावर मोठमोठ्या शिळा उभ्या करून वर छताला एक शिळा टाकलेली घरकुले आहेत. लोक त्यांच्याजवळून गुरे नेत होते. टेलरने ती मोजली, त्यांची चित्रे काढली. भीमेकाठच्या जेवर्गीजवळ दगडांची वर्तुळे उकरून आतली हाडे आणि मडकी नोंदवली. ही महापाषाणयुगातली थडगी आहेत हे आज आपण जाणतो. त्याने त्यांची तुलना आयर्लंड-इंग्लंडच्या शिळांशी केली आणि त्यांच्यामागे एकच प्राचीन जमात असावी असा तर्क लढवला. तर्क टिकला नाही, मोजमापे टिकली. दख्खनच्या पुरातत्त्वाचा अभ्यास करणाऱ्याला आजही टेलरपासून सुरुवात करावी लागते.

पोरका राजा टेलरला ‘अप्पा’ म्हणत असे. दोघांत माया होती यात शंका घ्यायचे कारण नाही. राणीबद्दल मात्र टेलरने जे लिहिले ते जपून वाचावे. सगळे एकतर्फी आहे. राणीची बाजू लिहून ठेवणारा कोणी नव्हता, आणि ज्या बाईला कारभारातून दूर केले तिच्याविषयी दूर करणारा चांगले कशाला लिहील?

५. १८५३ : थकलेला पगार आणि दिलेले जिल्हे

इकडे हैदराबादेत कंटिंजंटचा पगार पुन्हा पुन्हा थकत होता. कंपनी तो आपल्या खजिन्यातून देई आणि निजामाच्या नावे मांडून ठेवी. १८५३ साली गव्हर्नर जनरल डलहौसीने हिशेब पुढे केला. तह झाला. फौज ठरली पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ आणि चार तोफखाने. तिच्या खर्चासाठी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवकडचे पश्चिमेचे जिल्हे इंग्रजांच्या कारभाराखाली आले. राखणदाराच्या थकलेल्या पगारात वाड्याचे तीन सोपे गेले.

म्हणजे टेलर ज्या फौजेतून वर आला, तिच्याच पगारापोटी घेतलेल्या मुलखातला एक जिल्हा आता त्याच्या हाती आला. तो नळदुर्ग. धाराशिव हे जिल्ह्याचे ठाणे फार नंतर झाले, तेव्हा नळदुर्गच. बोरी नदीवर किल्ल्याला जोडून आदिलशाहीत बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल ज्यांनी पावसाळ्यात पाहिला आहे, त्यांना टेलर त्या किल्ल्यावर का लुब्ध झाला ते सांगायला नको. त्याने जमिनीची मोजणी आणि रस्ते हाती घेतले. तुळजापूर याच जिल्ह्यात. पुढे १८६३ साली निघालेल्या ‘तारा’ कादंबरीची नायिका तुळजापूरच्या शास्त्र्याची बालविधवा मुलगी आहे आणि गोष्ट शिवकाळातली. लिहिणाऱ्याने गाव हिंडून पाहिले आहे, हे त्या पानांवर कळते.

६. अप्पा आणि राजा

१८५७ च्या धामधुमीत टेलरला वऱ्हाडात बुलढाण्याला पाठवले. फौज मिळणार नाही, जमेल तसे सांभाळा, असा हुकूम. वऱ्हाड शांत राहिले. शोरापूर राहिले नाही.

टेलर गेल्यावर वयात आलेल्या वेंकटप्पाच्या हाती कारभार आला होता. खर्च वाढला, कर्ज वाढले, जुनी माणसे दुखावली. त्यात उत्तरेकडच्या बातम्या आणि दक्षिण मराठा मुलखातून येणारे जासूद. नरगुंदचे भास्करराव भावेही १८५८ सालात उठले आणि फासावर गेले. रेसिडेंटने कॅप्टन कँपबेलला शोरापूरला पाठवले. फेब्रुवारी १८५८ मध्ये राजाच्या माणसांनी इंग्रज तळावर रात्री हल्ला केला. दुसऱ्या दिवशीच्या चकमकीत न्यूबेरी नावाचा अधिकारी पडला. आणखी फौज चालून आली, राजा हैदराबादला निघून गेला आणि तिथे पकडला गेला.

कैदेत टेलर त्याला भेटला. राजा सोबत्यांची नावे सांगायला तयार नव्हता. मरायला भीत नाही, पण चोरासारखे फासावर लटकवू नका, तोफेच्या तोंडी द्या, असे त्याने सांगितल्याचे टेलर लिहितो. फाशी ठरली होती, ती रेसिडेंटने काळ्या पाण्यावर आणली. गव्हर्नर जनरलने ती आणखी कमी करून मद्रासजवळच्या चेंगलपट्टूला चार वर्षांची कैद केली. तिकडे नेत असताना मुक्कामाच्या डेऱ्यात पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याचे पिस्तूल राजाच्या हाती लागले आणि गोळी सुटली. वय चोविसाच्या आत-बाहेर. टेलरने यात कुंडलीचे भाकीतही गुंफले आहे. कादंबरीकार होता, मोह आवरला नसावा. सुरपूरच्या लोकांना कुंडली नको आहे. त्यांच्या दृष्टीने राजा वेंकटप्पा नायक इंग्रजांशी लढून गेला.

मग १८६० चा तह. निजाम १८५७ मध्ये इंग्रजांच्या बाजूला राहिला म्हणून पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. रायचूर दुआब आणि धाराशिव परत मिळाले आणि बक्षीस म्हणून शोरापूर निजामाला देण्यात आले. टेलरने बारा वर्षे हिशेब लावून सावरलेले संस्थान एका कलमात संपले. तो त्याच साली प्रकृती ढासळल्याने विलायतेला परतला. पुढे कादंबऱ्या, हिंदुस्थानच्या इतिहासाचे पाठ्यपुस्तक, दृष्टी गेली, आणि १८७६ साली फ्रान्समध्ये मृत्यू. आत्मचरित्र मुलीने पुढच्या वर्षी छापून काढले.

टेलर भला माणूस होता. पण त्याच्या भलेपणाने फौजेचा हिशेब एका पैशाने कमी झाला नाही. उलट हिशेब सुरळीत चालायला असा भला माणूस उपयोगी पडला.

७. हीच रीत आफ्रिकेत

शोरापूरचा राजा गेला त्याच साली, जानेवारी १८५८ मध्ये, मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यात एका पाद्र्याच्या घरी मुलगा झाला : फ्रेडरिक लुगार्ड. लष्करात शिरून तो अफगाणिस्तानात आणि ब्रह्मदेशात लढला. प्रेमभंगानंतर सगळे सोडून आफ्रिकेत गेला, न्यासालँडमध्ये गुलामांच्या व्यापाऱ्यांशी लढताना जखमी झाला. मग एका खासगी कंपनीच्या पगारावर युगांडात. तिथे त्याने शिपाई भरती केले ते सुदानी. १८९७ पासून पश्चिम आफ्रिकेत : शिपाई बहुतेक तिथल्या हौसा जमातीचे, अधिकारी गोरे. रसेल ब्रिगेडच, फक्त माणसे वेगळी.

१९०३ मध्ये त्याच्या फौजेने कानो आणि सोकोतो घेतले. पण तिथल्या अमीरांच्या गाद्या त्याने बुडवल्या नाहीत. अमीर गादीवर, शेजारी इंग्रज रेसिडेंट, आणि अमीराने गोळा केलेल्या वसुलात सरकारचा ठरलेला वाटा. हैदराबादेत शंभर वर्षे चाललेली ही रीत लुगार्डने कलमे घालून शास्त्र म्हणून मांडली. त्याचे ‘द ड्युअल मँडेट’ हे पुस्तक १९२२ चे. १९१४ साली उत्तर आणि दक्षिण भाग जोडून आजचा नायजेरिया त्यानेच केला. नायजेरिया हे नाव सुचवणारी फ्लोरा शॉ पुढे त्याची बायको झाली, आणि ती लिहीत असे त्याच ‘टाइम्स’मध्ये.

दख्खनला मात्र हा व्यवहार उलट्या दिशेनेही ठाऊक होता. आफ्रिकेतून आलेले सरदार इथे पिढ्यान्‌पिढ्या फौजा चालवत आले. बिदरजवळचा हबशीकोट त्यांच्याच नावाचा आहे आणि मलिक अंबर तर अवघ्या मराठवाड्याला माहीत. फरक एवढाच की अंबराच्या मागे पगार ठरवणारे लंडन नव्हते.

टेलरचे आत्मचरित्र आजही वाचनीय आहे, मिळाले तर जरूर वाचा. पण आधी १८५३ आणि १८६० च्या तहांची कलमे वाचून घ्या, आणि शोरापूरची प्रकरणे वाचताना ती शेजारी उघडी ठेवा.